बेहडा क्र. २ : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते सप्टेंबर २०२५

१२ जानेवारी २०२५

नवी वही, म्हणून पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवते. काम धनेशांची घरटी राखण्याचं, कुडाळ तालुक्यात, माणगाव खोऱ्यात, रांगणा किल्ल्याच्या पायथ्याकडच्या वाड्यांमध्ये. गावाचं नाव या नोंदींत कुठेही येणार नाही. घरट्याचं ठिकाण एकदा व्हॉट्सॲपवर गेलं की पुढच्या रविवारी झाडाखाली गाड्या लागतात.

लक्ष दोन पक्ष्यांवर. राजधनेश, ज्याला इथे सगळे गरुडच म्हणतात, आणि मलबारी कवड्या धनेश, म्हणजे ककणेर. झाडांना क्रमांक दिलेत: आंबा क्र. १, सातवीण क्र. १, बेहडा क्र. १, बेहडा क्र. २, असे. सगळी झाडं खासगी जमिनीत आहेत. बाहेरून येणाऱ्याला हे लवकर उमगत नाही. विदर्भात जंगल म्हटलं की वनखातं डोळ्यांसमोर येतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बहुतेक जंगल कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं, आणि त्या सातबाऱ्यावर सहसा एक नाव नसतं.

वर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, ढगात बुडालेलं सदाहरित रान, बेडकांसाठी येणारे पर्यटक. आमच्या यादीतली घरटी मात्र बरीचशी खाली, काजूच्या बागा आणि माडांच्या वाड्या जिथे रानाला टेकतात तिथे. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. मोठी फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावं, गाभा कुजावा, आणि एवढं होऊनही झाड उभं राहावं, तेव्हा कुठे चार किलोपर्यंत वजनाचा पक्षी आत बसेल अशी जागा होते. तरण्या रानात अशी ढोल मिळत नाही.

बेहड्याचा हंगाम संपत आलाय. फळं अजून गळताहेत, पण गोळा करणाऱ्या बायका काजूच्या मोहराकडे वळल्या आहेत.

२९ जानेवारी

घरट्यांवर लक्ष ठेवायला नेमलेल्या राखण्याचा सकाळी फोन. "गरूड इले हत. ढोलीत तोंड घालून बघतत." बेहडा क्र. २ वर जोडी आली.

आमचा राखण्या पूर्वी शिकारीला जायचा, हे तो स्वतःच सांगतो. त्यामुळे रानात कुठे उभं राहिलं की दिसत नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. घरट्यापासून लांब, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, पालापाचोळ्याची आडोशी केली आहे. तिथून दुर्बिणीतून ढोलीचं तोंड स्वच्छ दिसतं.

बेहडा व्हाळापासून वर, उताराच्या पहिल्या टप्प्यावर. शेजारी एक पायर, म्हणजे वडाच्या जातीचं झाड, तिच्याखाली शेंदूर लावलेला दगड. व्हाळाकाठी जांभळं, भेरलीमाड, दोन रानजायफळं. वरच्या अंगाला किंजळ, ऐन आणि बारीक झाडोरा. नकाशावर ही सगळी एकच हिरवी चकती दिसते. प्रत्यक्षात खालची ओली पट्टी आणि वरचा उतार ही दोन वेगळी रानं आहेत. नराला लागणारं खाणं बहुतेक खालच्या पट्टीत आणि पलीकडच्या देवराईत आहे.

नर आला तेव्हा आधी आवाज आला. लोहाराचा भाता कुणी झाडांच्या शेंड्यांवरून ओढत नेतोय, असा. मादी ढोलीच्या तोंडाशी बसलेली. नराने गळ्यातून एकेक फळ वर काढून तिला दिलं. तिने चारपाच घेतली, मग तोंड फिरवलं.

६ फेब्रुवारी

मादी आत. काल दुपारपासून बाहेर दिसली नाही आणि आज तोंडाच्या खालच्या बाजूने लिंपण सुरू आहे. स्वतःची विष्ठा आणि फळांचा चोथा चोचीने थापून ती दार बुजवते, चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते. आता अंडी एक किंवा दोन, उबवणीचे अडतीस-चाळीस दिवस, आणि या सगळ्या काळात खाणं फक्त नराच्या हातचं. चोचीचं म्हणायला हवं.

हिशेब साधा आहे. नर मेला तर आतली मादी आणि पिल्लू संकटात. झाड गेलं तर सगळंच गेलं.

आंबा क्र. १ वर ककणेरांची जोडी फिरते आहे, अजून बसलेली नाही. सातवीण क्र. १ च्या ढोलीत घोरपड. तिला कोण काय सांगणार?

१९ फेब्रुवारी

आज बेहडा क्र. २ च्या बुंध्यावर पांढऱ्या चुन्याचा आकडा दिसला. शेजारच्या किंजळांवरही. तात्यांकडे गेले. जमीन त्यांच्या घराण्याची, कसणारे तेच, बाकी सगळे मुंबईत. तात्यांनी काही लपवलं नाही. लाकूडवाला येऊन पाहून गेला. उतार सगळा उभाच्या उभा द्यायचा, जागा मोकळी झाली की काजू लावायचे. पैसे मूळ घराला. मागच्या पावसात देवघराच्या बाजूचा वासा बसला, आणि गणपती त्याच खोलीत बसतो.

सातबारा उतरवून घेतला. हिस्से सतरा.

कायद्याचं इथे लिहून ठेवते, कारण गावात रोज वेगळं ऐकू येतं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. ती मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण परवानगी मिळते. कागद पुरे असले की मिळते. म्हणजे आमचा प्रश्न चोरट्या तोडीचा नाही. लोकांना वाटतं जंगल रात्री कुणीतरी चोरून नेतं. इथे ते दिवसाढवळ्या, पास घेऊन, ट्रकला ताडपत्री बांधून जातं.

दुसरा कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. राजधनेश पहिल्या अनुसूचीत. शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांची व घरट्यांची नासधूस येते. म्हणजे मादी आत असताना झाड पाडलं तर तो गुन्हा. हे मी तात्यांना सांगितलं, लाकूडवाल्यालाही फोनवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मग पिल्लू उडाल्यावर पाडू." चूक नव्हतं त्याचं. रिकामी ढोल ही कागदावर नुसती ढोल असते. हीच जोडी पुढच्या वर्षी त्याच ढोलीत येईल, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

पलीकडे सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून उच्च न्यायालयाची वृक्षतोडीला बंदी आहे, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या पंचवीस गावांना पर्यावरणीय संवेदनशील (इको-सेन्सिटिव्ह) क्षेत्र जाहीर करण्याचा आदेशही झाला. आमचं गाव त्या यादीत नाही. बंदी असूनही त्या बाजूला रबर आणि अननसासाठी उघडे झालेले डोंगर आम्ही सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा यादीत असतो तर सुटलो असतो असंही म्हणवत नाही.

२ मार्च

देणगीदारांना तिमाही टिपण पाठवायचं आहे. त्यांचा प्रश्न नेहमीचा: दुसरीकडे जमतं ते इथे का नाही?

दुसरीकडे म्हणजे मुख्यतः अरुणाचलचं पाके. तिथे २०११-१२ पासून धनेशांची घरटी दत्तक देण्याचा कार्यक्रम चालतो. निशी जमातीच्या गावप्रमुखांची घोरा आभे ही परिषद, नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन आणि तिथलं वनखातं मिळून तो चालवतात. शहरातल्या लोकांच्या देणगीतून गावातल्या घरटेराख्यांना मानधन मिळतं, आणि त्यांच्यातले काही आधी शिकारी होते. निशी पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच असते; तिच्या जागी बनावट चोच वापरायची प्रथाही तिथे रुजवली गेली. या कामासाठी फाउंडेशनच्या अपराजिता दत्ता यांना निसर्ग संवर्धनाचा २०१३ चा व्हिटली पुरस्कार मिळाला. राखण्याची आमची कल्पना सरळ तिथूनच उचलली आहे.

जवळचं उदाहरण वेळासचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि गावाने ते काम आपलं मानलं. पण किनारा कुणाच्या वाटणीत नसतो. पिल्लं पाण्यात गेली की वाळू जिथल्या तिथे. आमच्याकडे राखायचं ते झाड, आणि झाड जमिनीला धरून असतं, जमीन हिश्शांना. राखण्या माणसांना हटकू शकतो, पण मालकाने दिलेली तोड तो कशी हटकणार?

आपल्याला खरं जवळचं काम संगमेश्वरचं. देवरुखकडे सह्याद्री संकल्प सोसायटीची मंडळी खासगी रानातल्या धनेशांवरच काम करतात. पुण्याच्या एईआरएफ या संवर्धन संस्थेने त्याच भागात बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र, म्हणजे रानातला माल रान राखून गोळा केल्याचा दाखला, मिळवून दिलं. फळं इंग्लंडच्या पुक्का हर्ब्स या हर्बल चहाच्या कंपनीला गेली. मोठ्या बेहड्याला फळ भरपूर आणि ढोलही त्यालाच, म्हणून उभं झाड दर वर्षी पैसे देतं. कल्पना उत्तम. आमच्याकडे मात्र बेहडे विखुरलेले. एका वाडीत दोन, दुसरीत एक. टेम्पो भरेल एवढा माल होत नाही, आणि टेम्पो भरल्याशिवाय कुणी येत नाही. तेवढं सोडवता आलं तर बरंच सुटेल.

टिपणात हे सगळं लिहिलं. उत्तर आलं: आकडे द्या.

१६ मार्च

शिमग्याला मंडळी आली आहेत. तात्यांच्या ओटीवर बैठक झाली. सतरापैकी नऊ हिस्से हजर: डोंबिवली, नालासोपारा, लालबाग, एक पुण्याचे.

मी फोटो नेले होते. फोटोंचा काही उपयोग झाला नाही. पक्षी सगळ्यांना माहीत होता, लहानपणी त्याचा आवाज ऐकून घाबरल्याच्या गोष्टी निघाल्या. खरी चर्चा घराच्या वाशाची होती. लालबागच्या काकी थेट म्हणाल्या, "झाड ऱ्हवला म्हणान घर ऱ्हवतला काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आकडाच सांगितला: सबंध उताराची किंमत आम्हाला देता येणार नाही. बेहडा, पायर आणि व्हाळाकाठची पट्टी एवढी लॉटमधून वगळा, त्याबद्दल प्रकल्प दर वर्षी ठराविक रक्कम देईल, करार दहा वर्षांचा.

म्हणजे वरचा उतार तोडीला जाऊ द्यायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही. नुसतं एक झाड राखून धनेश राहत नाही. त्याला कोसभर परिघात फळं लागतात, वर्षभर आळीपाळीने. पण वरच्या उतारावर किंजळ-ऐन जास्त, नराचं खाणं खाली. सगळं मागून काहीच न मिळण्यापेक्षा कुठलं मागायचं हे ठरवणं माझं काम आहे, असं मी मानते. आमच्यातल्याच एकाला हे पटलेलं नाही आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं.

डोंबिवलीच्या काकांना दुसरीच धास्ती. इको-सेन्सिटिव्ह लागलं तर आपल्याच जमिनीत आपल्याला काही करता येणार नाही, म्हणून आधीच विकून मोकळं व्हावं. पश्चिम घाटाच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला आला. ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७ हजार ३४०. पहिला मसुदा २०१४ चा. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. इतकी वर्षं मसुदे येतात आणि विरतात, आणि मसुदा आला की लोक घाईने झाडं विकतात. जाहीर करायचं तर करून टाकावं, नाही तर सांगून मोकळं करावं. ही टांगती तलवार रानाला कुऱ्हाडीइतकीच महागात पडते. अहवालात काय आहे ते मी समजावलं. घरदुरुस्ती, शेती, बागायत याला बंदी नाही हे ऐकून काका म्हणाले, "कागदार नाय, पण हापिसात कोण बघता?"

तात्यांनी शेवटी माझ्याकडे वळून सांगितलं, "माझी सही तू आताच घे. पण आमच्यात सही एकाची नाय, सतरांची."

निर्णय नाही. सगळे गणपतीला येतील तेव्हा बघू, असं ठरलं. लाकूडवाल्याला मात्र काहींनी विसार घेऊन ठेवलाय, हे उठताना कळलं.

३० मार्च

पाडवा. देवळात गेले होते. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू आहे, जुनं कौलारू पाडून स्लॅब टाकायचा. पैसे कमी पडतात म्हणून राईतली 'वाळकी' झाडं काढायची सूचना आली. वाळक्या झाडांतच ढोल्या असतात. मानकऱ्यांनी कौल लावून विचारायचं ठरवलं आणि देवाने उजवा कौल, म्हणजे होकार, दिला नाही. राई यंदापुरती राहिली. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती.

११ एप्रिल

दोन गाड्या, मोठ्या भिंगांचे कॅमेरे, मोबाइलवर धनेशाचा आवाज वाजवणं सुरू. राखण्याने घालवले. नर त्यानंतर दुपारपर्यंत फिरकला नाही. ठिकाण कुणी सांगितलं याचा तपास करण्यात अर्थ नाही. पाणंदीच्या तोंडाला काटेरी झापं टाकली.

आंबा क्र. १ ला ककणेर बसले.

२७ एप्रिल

बेहडा क्र. २ ची मादी बाहेर आली. राखण्याने पाहिलं: लिंपण आतून फोडून ती निघाली, फांदीवर बराच वेळ पंख ताणत बसली. ढोलीत पिल्लाची चोच दिसते, आणि ते आतून पुन्हा दार लिंपू लागलंय. कुणी न शिकवता. ककणेराची मादी असं करत नाही, ती पिल्लांबरोबरच बाहेर पडते. राजधनेशाचं हे वेगळं. आता दोघंही खाणं आणतील.

नराने आज पायरीची फळं, मग एक सरडा, आणि तिसऱ्या खेपेला काहीतरी पिसांचं आणलं, बहुधा कुणाचं तरी पिल्लू. फळाहारी म्हणून त्याची ख्याती आहे. पिल्लू वाढवताना तो मिळेल ते आणतो.

झाडाखालचं बी गोळा केलं. दर वर्षी ही रोपवाटिकेची सगळ्यात स्वस्त बेगमी. भेरलीमाड, रानजायफळ, काजरा, पायरीच्या बारीक बियांचे गोळे. काजऱ्याचं बी विषारी, पण गर हे पक्षी खुशाल खातात आणि बी टाकून देतात. भेरलीमाडाच्या फळांना हात लावताना हातमोजे घालावेत, गर लागला की आग होते. रोपवाटिकेतल्या काकी मोजे न घालता राख चोळतात आणि माझ्यावर हसतात. रानजायफळाचं बी वाळलं की संपलं. ते घरी नेऊन कागदावर पसरून ठेवायचं नाही, त्याच दिवशी ओल्या मातीत गेलं पाहिजे.

१० मे

वरच्या उतारावर तोड सुरू झाली. विसार घेतलेल्या हिस्सेदारांनी बाकीच्यांना फोनवर राजी केलं, आणि परवानगीचा कागद आला. वनरक्षक येऊन तोडीच्या झाडांवर घणाची खूण मारून गेले. मी त्यांना ढोल दाखवली, त्यांनी जागेवरच लेखी सूचना दिली: घरट्याच्या झाडाला आणि भोवतालच्या पट्ट्याला पावसापर्यंत हात लावायचा नाही. कामाचा माणूस.

कटरचा आवाज दिवसभर. नर येतो, पण उतारावरून न येता व्हाळाकडून वळसा घेऊन.

ट्रकसाठी पाणंदीतून जेसीबीने रस्ता काढला आहे. लाकूडवाल्याची घाई समजते. लाल माती भिजली की त्या चढावर गाडी येत नाही, म्हणून जून उजाडायच्या आत माल सडकेवर हवा.

२१ मे

काल रात्रीपासून पाऊस. वळीव नव्हे, सतत. पिल्लू अजून आत.

२५ मे

वेधशाळेने आज मोसमी पाऊस महाराष्ट्रात आल्याचं जाहीर केलं, देवगडपर्यंत. नेहमी जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येतो. व्हाळ दुथडी. आडोशी वाहून गेली.

लाकूडवाल्याचा एक ट्रक पाणंदीत रुतला. दुसरा सडकेवरूनच परत गेला. उतारावर तोडलेला माल पडून आहे, आणि खालच्या अंगाला न तोडलेली झाडं उभी आहेत. जेसीबीने काढलेल्या रस्त्याची माती सगळी तात्यांच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या तुकड्यात. वर झाडं असती तर आली नसती, हे मी म्हटलं नाही. तात्यांनीच म्हटलं, आणि लालबागला फोन लावून पुन्हा एकदा म्हटलं.

राखण्या छत्री घेऊन पायरीखाली बसतो. "पोर बाहेर नाय पडूक. बापूस येता, पण उशिरा." इतक्या पावसात फळं शोधून आणायची म्हणजे खेपा कमी होणारच. ढोलीत पाणी जातंय का, ही मला खरी भीती. तोंड थोडं खाली झुकलेलं आहे, एवढाच दिलासा. ककणेरांचं अजून बरंच बाकी आहे, त्यांचा विचार आज करत नाही.

२९ मे

पाऊस दुपारी उघडला आणि पिल्लू बाहेर. मी तिथे नव्हते, मुंबईत पाणी तुंबल्याच्या बातम्या बघत कुडाळात अडकले होते. राखण्याने मोबाइलवर काढलेला थरथरता व्हिडिओ आहे. दार अर्धं फुटलेलं, पिल्लू तोंडाशी, नर समोरच्या फांदीवर चोचीत फळ धरून. देत नाही, नुसता दाखवतो. मग पिल्लू झेपावलं आणि पायरीत जाऊन धडपडलं. चोचीवरचं शिंग अजून आलेलं नाही, ते वाढायला वर्षं लागतात.

व्हिडिओत राखण्या स्वतःशीच शिव्या देतोय, त्या आनंदाच्या आहेत. देणगीदारांना आवाज बंद करून पाठवला.

लाकूडवाल्याने काम दिवाळीनंतरवर टाकलं. आता ढोल रिकामी, वन्यजीव कायद्याच्या कलमाचा आधार संपला. पुढची जोडी जानेवारीत येईल. मधले नोव्हेंबर-डिसेंबर हे खरे धोक्याचे.

१८ जून

रोपवाटिका. काकींनी यंदा पिशव्यांचं माप बदलायला लावलं, लांब पिशव्या आणल्या. रानजायफळ आणि भेरलीमाड यांची मुळं सरळ खाली जातात. बुटक्या पिशवीत ती गुंडाळतात आणि लावल्यावर झाड दोन वर्षं जागचं हलत नाही. लाल माती, शेणखत, व्हाळातली वाळू. काजऱ्याला अजून कोंब नाही, तो वेळ घेतोच. बेहड्याचं बी पाण्यात भिजवून घातलेलं, बऱ्यापैकी उगवलंय, खारींनी नेलं ते सोडून.

तोडलेल्या उतारावर काय लावायचं यावर तात्यांशी बोलणं झालं. काजू लागणार हे नक्की. काजूच्या ओळींमध्ये नाही, पण बांधावर आणि नाळीच्या कडेला वड, पायर, उंबर लावायला त्यांची हरकत नाही. उंबराखाली पाणी असतं, हे त्यांचं कारण. आमचं कारण वेगळं. दोन्ही कारणांनी खड्डा तेवढाच खणावा लागतो.

ककणेरांचं एक पिल्लू उडालं. सातवीण क्र. १ मध्ये घोरपड कायम.

२९ ऑगस्ट

ऋषिपंचमी काल झाली. आज दुपारी बैठक, गणपतीसमोरच. मूळ घराला यंदा तात्पुरता पत्रा घातलाय. सतरापैकी पंधरा हिस्से, कुणी स्वतः, कुणाचा मुलगा.

वातावरण शिमग्यापेक्षा निराळं होतं. विसाराचे पैसे आले त्यातून वासा होईल, पण पूर्ण छप्पर नाही. लाकूडवाला भिजलेल्या मालाचा भाव पाडून मागतोय. कुणग्यातली माती अजून निघालेली नाही, तेवढ्या तुकड्यात यंदा भात लागला नाही. पुण्याच्या काकांनी करार वाचला, दोन चांगले बदल सुचवले: रक्कम एकाच्या नावावर न देता मूळ घराच्या दुरुस्तीच्या खात्यात जमा व्हावी, आणि झाड वादळात पडलं तर लाकूड घराण्याचं. दोन्ही मान्य.

अडलं ते व्हाळाकाठच्या पट्टीवर. नालासोपाऱ्याचा पुतण्या म्हणाला, झाड ठीक आहे, पण एवढी पट्टी कशाला, तिथे सुपारी होईल. त्याचं म्हणणं शेतीच्या दृष्टीने बरोबर आहे. पाणी तिथेच आहे. मी खाण्याच्या झाडांचं समजावू लागले तेवढ्यात स्वयंपाकघरातून तात्यांच्या काकू, नव्वदीच्या पुढच्या, बाहेर आल्या. पायरीखालच्या शेंदराच्या दगडात राखणदार, जागा राखणारा देव, आहे. दर वर्षी नारळ जातो. त्याच्यासमोर सुपारी लावायची तर लावा, पण आधी त्याला विचारा आणि जागा दुसरीकडे द्या. एवढं बोलून त्या परत आत गेल्या.

पुतण्याने पट्टीचा विषय सोडला. माझ्या नकाशातली पट्टी आणि राखणदाराची हद्द जवळपास एकच निघाली. त्याची थोडी मोठीच. करारात मी त्याचीच हद्द घातली.

पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, व्हाळ, पायर, गरुड सगळ्यांची नावं घेऊन, आणि प्रत्येक वाक्याला पोरांनी मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग मोदक.

९ सप्टेंबर

मंडळी परतली. सोळावी सही बोरिवलीची, कुरिअरने आली. सतरावा हिस्सा सुरतेला आहे. ते बरीच वर्षं गावी आलेले नाहीत आणि फोनवर "सगळे म्हणतील ते" एवढंच म्हणतात. वकिलांचं मत, तोंडी संमतीवर विसंबू नये, कुलमुखत्यारपत्र करून घ्यावं. मसुदा दिलाय. दिवाळीच्या आत कागद हातात हवा.

लाकूडवाल्याला कराराची प्रत दिली. त्याने वाचली, खिशात घातली आणि विचारलं, शेजारच्या वाडीतला बेहडा क्र. १ कुणाच्या नावावर आहे. तो सातबारा उद्या काढायचा आहे.